संधिवातावरची एकोणिसाव्या शतकातली 'पेटंट' औषधं : बाटलीत नेमकं काय होतं?

जुनाबाजार_रविवार (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. पितळी कुलपं, घड्याळांचे पट्टे आणि कंदिलाच्या काचा मांडलेल्या एका चादरीवर चिनीमातीची छोटी डबी दिसली. मोठ्या लिंबाएवढी, कधीकाळी पांढरी, आता पिवळसर पडलेली. झाकण नाही, काठाचा एक टवका उडालेला. अंगावर काळ्या शाईत छापलेलं चित्र: बसलेली देवी, जवळ साप, शेजारी मूल. खाली बारीक इंग्रजी अक्षरं. दुकानदाराला ती कुंकवाची डबी वाटत होती. साडेतीनशे म्हणाला, दोनशेला दिली. घरी येऊन ओल्या फडक्याने पुसली तेव्हा वाचता आलं: 'हॉलोवेज ऑइंटमेंट', आणि त्याखाली ते कशाकशावर चालतं त्याची यादी. यादीत पहिलं नाव गाउट आणि ऱ्हुमॅटिझमचं, म्हणजे वातरक्त आणि संधिवाताचं. मग जुनाट व्रण, सुजलेले स्तन, डोक्यावरचे फोड, दुखरे पाय.

माझ्या आजीला संधिवात होता. शेवटची अकरा वर्षं तिची बोटं वाकडी झालेली होती. पाण्याचं भांडंसुद्धा दोन मनगटांत धरून उचलायची. त्यामुळे यादीतला तो पहिला शब्द वाचला आणि डबी हातात घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिलो. कुणीतरी ती अशाच हातांसाठी विकत घेतली असणार. गेला आठवडाभर याच विषयाचं वाचतोय. थोडं मांडतो, तुम्ही भर घाला.

टॉमस हॉलोवे हा लंडनमधला व्यापारी. फेलिक्स अल्बिनोलो नावाच्या, जळवा विकणाऱ्या एका इटालियन माणसाशी त्याची ओळख झाली. अल्बिनोलोचं स्वतःचं एक मलम होतं. त्यावरून हॉलोवेला कल्पना सुचली, आणि त्याने आईच्या स्वयंपाकघरात पातेल्यात स्वतःचं मलम शिजवलं. १८३७ च्या ऑक्टोबरात पहिली जाहिरात दिली. पुढे गोळ्याही आणल्या. सुरुवातीला जाहिरातींच्या उधारीपायी कर्जबुडव्यांच्या तुरुंगात जायची पाळी आली, तरी जाहिरात सोडली नाही. १८४२ साली वर्षाला ५,००० पौंड, १८५१ मध्ये २०,००० आणि १८८३ मध्ये तो वारला तेव्हा ५०,००० पौंड, एवढा त्याचा नुसता जाहिरातींचा खर्च होता. डबीसोबतचे सूचनांचे कागद चिनी, तुर्की, अरबी आणि भारतातल्या बऱ्याच देशी भाषांतही छापले जायचे. म्हणजे ही डबी पुण्यापर्यंत आली यात नवल काही नाही.

मलमात काय होतं? पुढे तपासणी झाली तेव्हा निघालं ते तेल, चरबी, मेण आणि राळेसारखे पदार्थ. चोळल्यावर जी ऊब येते ती चोळण्याची. एवढ्या भांडवलावर त्याने लंडनजवळ मुलींचं कॉलेज बांधलं. रॉयल हॉलोवे कॉलेज. १८८६ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याचं उद्घाटन केलं. मानसिक रुग्णांसाठी मोठं रुग्णालयही त्याच पैशातून उभं राहिलं. हे वाचून मला राग यावा की आदर वाटावा, ठरवता येईना.

आणखी एक. 'पेटंट औषध' म्हणताना आपल्याला वाटतं की सरकारने कृती तपासून शिक्का मारला असेल. पेटंट घ्यायचं तर कृती जाहीर करावी लागते, आणि या मंडळींना नेमकी तीच लपवायची होती. त्यामुळे बहुतेकांनी पेटंट घेतलंच नाही. राजाच्या सनदेवरून हा शब्द आला आणि तसाच चिकटून राहिला. जपलं जायचं ते नाव, लेबल आणि बाटलीचा आकार.

माझा प्रश्न असा: लोक इतकी वर्षं ही औषधं का घेत राहिले? काहीतरी गुण येत असणारच ना?

निनाद_ठाणे

छान धागा. पण प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लोक अडाणी होते आणि विकणारे लबाड होते. डबी किती साली बनली असेल, काही अंदाज?

शर्वरी_के

निनाद, तुमचं पहिलं वाक्य मला पटलं नाही. मी फिजिशियन आहे, नागपूरला. सांधेदुखीचे रुग्ण रोज बघते.

आधी हे लक्षात घ्या की तेव्हाचा 'ऱ्हुमॅटिझम' म्हणजे आजचा एक आजार नव्हे. घसा बिघडल्यानंतर मुलांना येणारा आणि हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाती तापही त्यात, म्हातारपणी झिजलेला गुडघाही त्यात, हाताची बोटं वाकडी करणारा संधिवातही त्यात, सायटिकाही त्यात, आणि उपदंशाने दुखणारी हाडंसुद्धा त्यातच. गाउट, म्हणजे आपलं वातरक्त, ते वेगळं धरायचे पण औषध दोघांना एकच. १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त असतं हे दाखवलं. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नावही त्यांनीच १८५९ मध्ये दिलं. धागाकर्त्यांच्या आजींच्या हाताचं वर्णन वाचून मला तोच आजार वाटतो.

आता डॉक्टरांकडे काय होतं ते बघा. रक्त काढणं, पाऱ्याचे क्षार, अफू, क्षारयुक्त मिश्रणं. शिकलेल्या डॉक्टरकडे गेलात तर तो नस कापून वाटीभर रक्त काढणार, वर फी घेणार. दुकानातली बाटली निदान रक्त तरी काढत नव्हती. अशा वेळी बाटली निवडणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही.

आणि गुण का वाटायचा, त्याचं सुंदर उत्तर त्याच काळातलं आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये विल्यम गल आणि हेन्री सटन यांनी १८६० च्या दशकात संधिवाती तापाच्या रुग्णांना औषध म्हणून फक्त पुदिन्याचं पाणी दिलं आणि दुखण्याचा मूळ क्रम कसा चालतो ते नोंदवत गेले. बरेच रुग्ण काही आठवड्यांत आपोआप सावरले. त्या आठवड्यांत ज्याने जी बाटली घेतली, त्याचं श्रेय तिला. जुनाट संधिवातही चढउताराचा असतो. माणूस बाटली आणतो ती दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून पुढे ते थोडं उतरणारच असतं. जाहिरातीत छापलेली आभारपत्रं म्हणूनच सगळी खोटी असतील असं नाही. लिहिणाऱ्याला खरंच बरं वाटलेलं असायचं.

पिट्सबर्गवाली_ऋता

शर्वरीताई, पुदिन्याच्या पाण्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

मी जिथे राहते तिथली एक गोष्ट याच विषयातली आहे. पिट्सबर्गच्या वर, ॲलेगेनी नदीकाठी टॅरेन्टम नावाचं गाव आहे. तिथे सॅम्युएल कीअर आणि त्याच्या वडिलांच्या मिठाच्या विहिरी होत्या. खोल भोक पाडून खारं पाणी उपसायचं आणि आटवून मीठ करायचं. त्या पाण्याबरोबर काळसर, घाण वासाचं तेल वर यायचं. ते टाकून द्यावं लागे. कीअरने १८५० च्या सुमारास तेच तेल छोट्या बाटल्यांत भरलं, 'पेट्रोलियम, ऑर रॉक ऑइल' असं लेबल लावलं आणि अर्धा पाइंट ५० सेंटला विकायला काढलं. ऱ्हुमॅटिझमवर चोळा, खोकल्यावर प्या. हो, कच्चं खनिज तेल प्यायचं!

त्याची जाहिरात बँकेच्या नोटेसारखी दिसायची. तिच्यावर विहिरीवरच्या मनोऱ्याचं चित्र होतं आणि तेल जमिनीखाली चारशे फुटांवरून येतं असं लिहिलेलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एका औषधाच्या दुकानाच्या काचेत ही जाहिरात जॉर्ज बिसेल नावाच्या वकिलाने पाहिली आणि दिव्यासाठी तेल हवं तर असंच भोक पाडून काढता येईल हे त्याच्या डोक्यात आलं, असं इथे सांगतात. १८५९ मध्ये टायटसव्हिलला एडविन ड्रेकने खणलेली तेलाची विहीर लागली ती बिसेलच्याच प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या कंपनीसाठी. दोन वर्षांपूर्वी तिथलं संग्रहालय बघायला मुलांना घेऊन गेले होते. विहिरीच्या जागी लाकडी मनोरा पुन्हा बांधला आहे, इंजिन धडधडतं, आणि रॉकेलचा वास येतो. लहानपणी आमच्या चाळीत रेशनच्या रांगेत यायचा तोच.

अमेरिकेतला दुसरा प्रकार तमाशासारखा. हॅम्लिन बंधूंचं 'विझर्ड ऑइल' शिकागोचं, १८६१ पासूनचं. त्यांच्या घोडागाड्यांत बाजाची पेटी बसवलेली असे. गाडी गावात आली की गाणारी चौकडी उभी राहायची, गर्दी जमली की तेल विकायचं. गाण्यांची पुस्तिका फुकट. तेलात निम्म्याहून जास्त दारूच, शिवाय कापूर, अमोनिया, क्लोरोफॉर्म, लवंग, टर्पेंटाइन. त्यांचा दावा असा की ज्यावर हे चालणार नाही असं दुखणंच नाही.

आणि क्लार्क स्टॅन्ली. हा १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांसमोर जिवंत रॅटलस्नेक काढून मारायचा आणि सापाचं तेल विकायचा. होपी लोकांच्या वैद्यांकडून शिकलो म्हणायचा. पुढे कायदा आला, सरकारने तेल तपासलं. हलकं खनिज तेल, सुमारे १ टक्का चरबी, ती बहुधा बैलाची, लाल मिरची, आणि जमलं तर कापूर-टर्पेंटाइनचा अंश. साप नव्हताच. १९१६ मध्ये दंड झाला २० डॉलर. इतक्या वर्षांच्या फसवणुकीला वीस डॉलर, हे मला अजून सहन होत नाही.

आजरेकर

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. ऋताताई, तुमचा राग रास्त आहे, पण त्या यादीतल्या मिरचीकडे लक्ष द्या. मिरचीतला तिखट अंश, कॅप्सेसिन, आज गुडघेदुखीच्या मलमात अधिकृतपणे असतो. त्वचेखालच्या वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंवर तो काम करतो. त्या तंतूंवरच्या ज्या रिसेप्टरवर (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर) तो काम करतो तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे स्टॅन्लीच्या बाटलीने काही लोकांचे गुडघे खरंच थोडे कमी दुखले असतील. त्याचं खोटं होतं ते नावात.

असंच इंग्लंडमधलं एलिमन्स एम्ब्रोकेशन. स्लाउ गावचं, १८४७ पासूनचं. टर्पेंटाइन, सिरक्यातलं आम्ल आणि चक्क अंडी, असं घुसळून केलेलं. घोड्यांसाठी 'रॉयल' आणि माणसांसाठी 'युनिव्हर्सल'. पाठीला लावलं की आग व्हायची आणि आतलं दुखणं मागे पडायचं. आम्ही वर्गात याला प्रतिक्षोभक म्हणायचो. आपल्याकडे गुडघ्यावर बिब्बा घालायचे ते याच तत्त्वावर, फक्त जास्त अघोरी.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक कोल्हापूर भागात आजही घरोघरी देतात. गंधपुऱ्याचं तेल तर तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. इंग्रजीत विंटरग्रीन. त्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं. विलो झाडाच्या सालीपासून ॲस्पिरिनपर्यंत वेदनाशामकांचं जे घराणं आहे, त्यातलंच हे.

मुद्रेबद्दल एक सांगतो, कारण धागाकर्त्यांनी शिक्क्याचा विषय काढला आहे. इंग्लंडमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होतं. एक शिलिंगपर्यंतच्या औषधाला दीड पेनी. म्हणून बहुतेक डब्यांची किंमत 'एक शिलिंग दीड पेनी' अशी विचित्र असायची. शुल्काची छापील पट्टी झाकणावर चिकटवलेली असे, ती फाडल्याशिवाय डबी उघडत नसे. त्या पट्टीवर सरकारचं नाव. सरकार फक्त कर घेत होतं, पण गिऱ्हाइकाला वाटायचं की औषधाला सरकारची हमी आहे. विक्रेते तो गैरसमज दूर करायला जातील कशाला?

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तकच छापलं. बीचमच्या गोळ्यांची जाहिरात होती 'डबीची किंमत एका गिनीएवढी'. निघालं काय? काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, आणि फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग.

निनाद_ठाणे

आजरेकर सर, अर्धा फार्दिंग वाचून थक्क झालो. पण मग माझा मुद्दा तोच राहतो की. मिरची चुकून लागू पडली असेल, पण असं एकही गुप्त औषध होतं का, ज्याने खरा आजार हटला?

आजरेकर

होतं. आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निकोला हुसों नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने 'ओ मेदिसिनाल' नावाचं पाणी विकायला काढलं. गाउटवर. कृती गुप्त, किंमत अफाट. घेतलं की ठणकणारा अंगठा काही तासांत शांत व्हायचा. इंग्लंडमध्ये सर जोसेफ बँक्स यांच्यासारखे शास्त्रज्ञ ते घेत होते. डॉक्टर मंडळी हैराण. त्यांच्या कुठल्याही औषधाने एवढा उतार पडत नव्हता. १८१४ मध्ये जॉन वाँट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने छडा लावला: हे कोल्चिकम आहे. ग्रीक वैद्यांना माहीत असलेला आणि मधल्या काळात विषारी म्हणून टाकून दिलेला कंद. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी त्यातला सक्रिय अंश वेगळा केला. तोच कोल्चिसिन. शर्वरीताई आजही तो लिहून देत असतील.

आता त्यातला धोका बघा. कोल्चिसिनचा गुणकारी डोस आणि मारक डोस यांत अंतर फार थोडं. पोट ढवळणं, जुलाब, आणि जास्त गेलं तर मृत्यू. बाटलीवर नाव नाही, प्रमाण नाही. एका बाटलीने आराम पडला म्हणून माणूस दुसरी दुप्पट घेणार. पुढे इंग्लंडमध्ये 'ब्लेअर्स गाउट अँड ऱ्हुमॅटिक पिल्स' निघाल्या, त्यांतही कोल्चिकमच होतं. गाउट असलेल्याला त्या लागू पडायच्या. ऱ्हुमॅटिझम असलेला बिचारा मात्र लाभ न होता फक्त विष घेत राहायचा.

कुडाळची_मेघना

सर, कोल्चिसिनचं नाव आलं म्हणून लिहिते. आमच्या कुंपणावर दर पावसाळ्यात कळलावी फुलते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्या, पानाच्या टोकाला वेलाचा आकडा. आई आम्हाला तिच्या मुळाला हात लावू द्यायची नाही. नांगराच्या आकाराचा कंद असतो, रताळं समजून खाल्लं तर माणूस जातो. कॉलेजात गेल्यावर कळलं की त्या कंदातही कोल्चिसिनच आहे, आणि आज औषधासाठी तामिळनाडूत तिची शेती करतात.

युनानी दुकानात सुरंजान मिळतो, तो कोल्चिकमच्याच जातीचा कंद. गोडा आणि कडू असे दोन. सांधेदुखीवरच देतात. म्हणजे हुसोंचं गुपित आपल्याकडच्या हकिमांच्या बरणीत नाव लिहून ठेवलेलं होतं.

शर्वरी_के

मेघना, फार चांगली माहिती. हो सर, लिहून देते, आणि प्रत्येक वेळी नातेवाइकांना दोनदा बजावते की सांगितल्यापेक्षा एकही गोळी जास्त नाही.

सॅलिसिलेटचा धागा पुरा करते. १८७६ मध्ये डंडीच्या टॉमस मॅक्लॅगन यांनी विलोच्या सालीतलं सॅलिसिन संधिवाती तापावर वापरून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. काही महिने मागेपुढे बर्लिनमध्ये स्ट्रिकर यांनी सॅलिसिलिक ॲसिड वापरलं. ताप आणि सांध्यांची सूज दिवसांत उतरायला लागली. या आजारावर नेमकं चालणारं असं औषध डॉक्टरांच्या हाती पहिल्यांदाच आलं. लगेच गुप्त औषधवाल्यांनीही ते आपल्या बाटल्यांत घालायला सुरुवात केली, अर्थात नाव न सांगता. १८९७ मध्ये बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं, १८९९ मध्ये बाजारात आलं.

गॅरडच्या संशोधनाचाही असाच धंदा झाला. लिथियमचे क्षार युरिक ॲसिडला विरघळवतात असं त्यांनी मांडलं होतं. झालं, लिथिया वॉटरच्या बाटल्या निघाल्या. व्हर्जिनियातल्या झऱ्याचं 'बफेलो लिथिया वॉटर' फार गाजलं. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा हिशेब निघाला की त्यातून लिथियमची औषधी मात्रा पोटात जायला दिवसाला दीड लाख ते सव्वादोन लाख गॅलन पाणी प्यावं लागेल.

गिरगावकर_७२

आपल्याकडचं थोडं. जे. कॉलिस ब्राउन हे हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेचे डॉक्टर. त्यांचं 'क्लोरोडाइन' म्हणजे अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. मुळात पटकीवर, पण जाहिरातीत गाउट आणि ऱ्हुमॅटिझमही. यातली भांग इंग्रजी औषधात आली तीही कलकत्त्याहून. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३८-३९ च्या सुमारास तिथल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ऱ्हुमॅटिझमच्या रुग्णांनाच गांज्याची राळ देऊन पाहिली होती. त्यांनी मात्र काय दिलं, किती दिलं, रुग्णाला काय झालं ते सगळं छापलं. तेच पुढे बाटलीत गेलं आणि गुप्त झालं. अमेरिकेचं पेरी डेव्हिसचं 'पेन किलर', अफू आणि दारूचं, मिशनरी लोक हिंदुस्थानात आणि चीनमध्ये घेऊन आले.

आणि १८९३ मध्ये, म्हणजे स्टॅन्ली शिकागोत साप मारत होता त्याच साली, आपल्या मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन सुरू केलं. ते मूळचे आंध्रचे. पुढे कंपनी मद्रासला नेली आणि तिथल्या गाण्याच्या सभांमध्ये डब्या फुकट वाटल्या. त्या पैशातून 'आंध्र पत्रिका' चालवली, तीही आधी मुंबईतूनच, १९०८ पासून. माझ्या आजोबांच्या उशाखालची ती पिवळी डबी आणि तिचा वास माझ्या नाकात अजून आहे.

अत्तरदाणी

इतका वेळ नुसती वाचत होते. आता लिहिते.

माझ्या आत्याला चौदा वर्षांपासून संधिवात आहे. तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट जळतं म्हणून तिने त्या सोडल्या. आठवडी बाजारात एक वैद्य बसायचा, नाव इथे लिहीत नाही. काळ्या गोळ्या, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून. 'जडीबुटी, अपाय शून्य.' तिसऱ्या दिवशी आत्या स्वतः विहिरीवरून कळशी घेऊन आली. घरात सण असल्यासारखं झालं. शेजारच्या चार बायकांनी त्या गोळ्या सुरू केल्या. सात महिन्यांत आत्याचा चेहरा गोल, लाल झाला, दंडावर हात लावला तरी काळानिळा डाग. मग दिवाळीत वैद्य गावाला गेला, गोळ्या संपल्या, आणि चौथ्या दिवशी ती अंगणात कोसळली. रक्तदाब लागत नव्हता. शहरातल्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, 'बाई, पुडी कुणाची घेता?' रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, जवळजवळ शून्य. गोळ्यांत स्टेरॉइड होतं. बाहेरून इतके महिने मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं बनवणंच थांबवलं होतं. नंतर हाडांची तपासणी केली तर मणका दोन ठिकाणी दबलेला.

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच बरं वाटत होतं. आणि स्टेरॉइड हे औषधच आहे, त्याच डॉक्टरांनी तिला पुढे तेच लहान मात्रेत दिलं आणि हळूहळू उतरवलं. फरक इतकाच की या वेळी पट्टीवर नाव होतं, मिलिग्रॅम होते, आणि कधी थांबायचं ते माहीत होतं. ब्लेअरच्या गोळ्यांबद्दल वाचलं आणि पुडीचा तो कागद आठवला.

निनाद_ठाणे

अत्तरदाणी, वाचून सुन्न झालो. मी सुरुवातीला जे लिहिलं ते घाईचं होतं. लोक अडाणी होते हे वाक्य मागे घेतो. आत्या आता कशा आहेत?

अत्तरदाणी

बऱ्या आहेत. दर शनिवारी मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी, इतर दिवशी फॉलिक ॲसिड. महिन्याला रक्ततपासणी. चेहरा पूर्वीसारखा झाला. कळशी नाही उचलत, पण भाकरी थापतात. त्या बायकांपैकी दोघींना आम्ही जाऊन सांगितलं, एकीने अजून सोडलेल्या नाहीत.

शर्वरी_के

त्या बाईंना एकदम बंद करू देऊ नका, आधी डॉक्टरांकडे न्या. अचानक थांबवण्यानेच तुमच्या आत्या कोसळल्या. गोळी आणि तिचा कागद दोन्ही बरोबर न्या.

असे रुग्ण मला वर्षातून कित्येकदा भेटतात. चंद्रासारखा गोल चेहरा आणि 'आयुर्वेदिक आहे हो' हे शब्द. आयुर्वेदाचा यात काही दोष नाही. रास्ना, गुग्गुळ, महानारायण तेल यांची कृती ग्रंथांत उघड लिहिलेली आहे, कुणीही वाचावी. मी भांडते ते बिननावाच्या पुडीशी.

पिट्सबर्गवाली_ऋता

अमेरिकेत बदल झाला तो याच मुद्द्यावर. १९०५ मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी 'कॉलियर्स' साप्ताहिकात लेखमाला लिहून या कंपन्या उघड्या पाडल्या. १९०६ चा कायदा झाला. त्याने औषध बंद केलं नाही, फक्त दारू, अफू, मॉर्फीन, कोकेन, भांग, क्लोरोफॉर्म वगैरे असेल तर लेबलवर लिहायला लावलं. पण १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की घटकांबद्दल खोटं लिहिणं गुन्हा, 'बरं करतो' हा दावा मात्र या कायद्यात बसत नाही. म्हणून १९१२ मध्ये दुरुस्ती करावी लागली, आणि तिच्यातही फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट राहिली.

आजरेकर

आपल्याकडे १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. त्या यादीत ऱ्हुमॅटिझम आहे. तरी उद्या सकाळी एसटी स्टँडच्या भिंती बघा. अत्तरदाणी, त्या वैद्याची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. गोळीचा नमुना असेल तर जपून ठेवा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लिहून देईन.

अत्तरदाणी

सर, आत्याच्या पत्र्याच्या डब्यात सात गोळ्या शिल्लक आहेत. आज रात्री व्यनि करते.

जुनाबाजार_रविवार (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. अत्तरदाणी, तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या आजीनेही शेवटी शेवटी कुठल्याशा पुड्या घेतल्या होत्या, तिचाही चेहरा सुजला होता. आम्ही समजलो बाळसं धरलं. आज कळलं.

निनाद, तुमच्या डबीच्या प्रश्नाचं राहिलं होतं. काल भिंग घेऊन बसलो. चित्राखाली पत्ता आहे, ५३३ ऑक्सफर्ड स्ट्रीट. हॉलोवेचं दुकान आधी २४४ स्ट्रँडला होतं. लंडनची नवी न्यायालयं बांधायला ती सगळी वस्ती पाडली तेव्हा, १८६७ मध्ये, तो ऑक्सफर्ड स्ट्रीटला गेला. म्हणजे डबी १८६७ नंतरची. काठावर मुद्रांकाची पट्टी जिथे चिकटवत असतील तिथे डिंकाचा तपकिरी डाग आहे असं मला आधी वाटलं होतं. ओल्या फडक्याने निघाला नाही, नखानेही नाही. भट्टीतला डाग आहे, डबी भाजतानाचा.